नऊ नंबरची लघवी

त्या दिवशी सकाळपासून मी मुताच्या मागे लागले होते. हसू नका. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आलं की माणसाचं निम्मं आयुष्य यातच जातं. कुणाला झाली, कुणाला नाही, किती झाली, कसल्या रंगाची झाली. वर लोक नमुना आणतात कशात, तर खोबरेल तेलाच्या बाटलीत! एकदा एकाने लोणच्याच्या बरणीत आणला होता, मोहरीच्या डाळीसकट. मी विचारलं, हे काय? तर म्हणतो, बाटली घरची आहे, स्वच्छ आहे.

मी नूतन. श्रीवर्धनकडची. आमच्या घरी सगळे सांगतात, पोरगी हुशार आहे पण तोंडाचा पट्टा सुटला की आवरत नाही. बाबा शिक्षक आहेत. चिडायचं असेल तर आधी दहा अंक मोजत जा, असं त्यांनी शिकवलेलं. माझे तीनच्या पुढे कधी मोजून झाले नाहीत. त्या दिवशी तर मोजायला सुरुवातच केली नाही, आणि जे झालं ते त्यामुळेच झालं.

खाटा चोवीस, रोगी एकतीस, स्टाफ सिस्टर दोन आणि आम्ही तीन पोरी. आमच्या किनाऱ्यावरच्या त्या लहानशा हॉस्पिटलातल्या पुरुषांच्या वॉर्डाची ही रोजचीच गत. त्यामुळे तिथली एक रीत पडून गेली आहे. पॉट लावणं, ओतणं, धुणं हे सगळं नातेवाईक करतात. आम्ही फक्त मापाच्या जगवर नजर टाकतो आणि चार्टवर आकडा लिहितो. पुस्तकात असं लिहिलेलं नाही. पुस्तक लिहिणाऱ्याने आमचा वॉर्ड पाहिलेला नाही.

नऊ नंबरच्या खाटेवर धर्माकाका होते. पेणकडच्या खाडीकाठच्या खारेपाटातले, मिठागरात जन्म गेलेला माणूस. आदल्या संध्याकाळी पाठीतून जांघेत कळ येते म्हणून आले, अक्षरशः गडाबडा लोळत. सोनोग्राफीत डाव्या किडनीच्या नळीत मूतखडा दिसला. तो दिसला तर एवढं काही नाही, मूतखडे आमच्याकडे पैशाला पासरी. पण उजवी किडनी आकसून सुपारीएवढी झालेली होती. कधीतरी दहा-बारा वर्षांपूर्वी तिकडेही खडा अडकला असणार, दुखलं असणार, काकांनी कुळथाचं पाणी पिऊन अंगावर काढलं असणार. दुखायचं थांबलं तेव्हा त्यांना वाटलं बरं झालं. बरं कसलं, किडनी मेली होती.

म्हणजे चालती किडनी एकच, आणि तिच्याच वाटेत खडा.

स्वराज सर, आमचे तरुण डॉक्टर, सकाळी आठच्या राउंडला मला म्हणाले, "नूतन, हा पेशंट तुझा. खडा लहान आहे, सुटून पडेलही. सलाईन चालू आहे, इंजेक्शन दिलंय. पण माझा सगळा भरवसा तुझ्या चार्टवर आहे. तासाला तीस मिली तरी लघवी यायला हवी. त्याखाली गेली की नळी पूर्ण बंद झाली असं समजायचं आणि लगेच पनवेलच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवायचं. उशीर झाला तर हीसुद्धा किडनी जाईल. मग माणूस जन्मभर डायलिसिसवर."

"हो सर."

"आणि प्रत्येक वेळची लघवी गॉजच्या कापडातून गाळ. खडा पडला तर मला दाखव."

मी मान डोलावली. जागृती सिस्टर शेजारीच उभ्या होत्या. त्या आमच्या वॉर्डच्या इन्चार्ज, वीस वर्षं नोकरी झालेल्या. त्या म्हणाल्या, "नुसती मान नको हलवूस. लक्ष दे."

काकांच्या उशाशी त्यांची बायको बसलेली होती, ठमीमावशी. वाळकी बाई, पाय उन्हाने आणि मिठाने चिरलेले, एका टाचेला चिंधी बांधलेली. मी विचारलं तर म्हणाली, "ती भेग गो. चार म्हयने झाले, भरतच न्हाय. मिठागरान सगल्यांचे पाय असेच." मीही म्हटलं, असतील. तिच्या हातात पाण्याची बाटली सारखी असायची. भरून आणायची, प्यायची, परत भरायला जायची.

"मावशी, काकांना पाणी कमी पाजत होतात ना घरी?"

"तोच पीत न्हवता. पानी पिलं की सारकं जावं लागतं. मिठागरान आडोसा कुठं हाय? दिवसभर चा पितो नि बिडी वढतो."

त्या सकाळी आठला साठ मिली लघवी झाली, कोऱ्या चहाच्या रंगाची. मी त्यातली थोडी टेस्ट ट्यूबमध्ये घेतली, चिठ्ठी लावली, स्टँडला ठेवली. दहाला पाहिलं तर जगाच्या तळाशी जेमतेम वीस मिली.

आता तुम्हाला सांगते, त्या दोन तासांत माझ्यामागे काय काय होतं. लघवी तपासायच्या स्ट्रिपचा डबा संपलेला. स्टोअरवाला म्हणे सोमवारी या. सात नंबरने सलाईन उपटून टाकलेलं. चौदा नंबरचे नातेवाईक मला "ओ बाई" म्हणून हाका मारत होते. आणि माझं प्रोसिजर बुक तपासायची शेवटची तारीख तीच. त्यात लघवीच्या तपासणीचा एक नमुना राहिलेला. डोकं असं तडकलेलं, आणि समोर हे वीस मिली.

"एवढीच? दोन तासांत एवढीच?" मी ठमीमावशीवरच खेकसले. जसं काही तिनेच चोरून ठेवली होती. "हे बघा मावशी, असंच राहिलं ना तर दुपारी गाडीत घालून पनवेलला पाठवतील त्यांना. तिकडे कापाकापी होईल. मग माझ्याकडे रडत येऊ नका. पुढच्या वेळेला जग भरलेला दिसला पाहिजे मला!"

मावशी उठली. पॉट उचलून धुवायला गेली.

खरं तर तेव्हाच मी सरांकडे जायला हवं होतं. दोन तासांत वीस म्हणजे तासाला दहा. पण मी म्हटलं, अजून एक वेळ बघू, आणि सात नंबरचं सलाईन लावायला पळाले.

साडेअकराला मावशीने जग पुढे केला. अडीचशे मिली! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, मी तिच्या पाठीवर थापच मारली. "बघा! बोलले की होतं." एक वाजता तीनशे. रंग कसा, तर नितळ, पाण्यासारखा. स्वराज सर जाता जाता चार्ट बघून म्हणाले, "वा, नळी मोकळी झाली वाटतं. खडा मिळाला का?"

"नाही सर. गॉजवर काहीच नाही."

"असू दे, पडेल. पनवेलचं आता रद्द."

काकांना मात्र बरं दिसत नव्हतं. दोनदा उलटी झाली, चेहरा सुजल्यासारखा वाटत होता. इंजेक्शनच्या गुंगीत पडून होते. मी मावशीला म्हटलं, उपाशी पोटी औषधं आहेत, होतं असं. चार्ट छान होता ना! चार्ट छान असला की माणूस कसा आहे हे बघायचं राहून जातं.

दीड वाजता मी प्रोसिजर बुकाच्या मागे लागले. स्ट्रिप नाहीत तर नाहीत, जुन्या पद्धतीने करू म्हटलं. बेनेडिक्टचं निळं द्रावण कपाटात होतं. मावशीला म्हटलं, काकांचा ताजा नमुना द्या थोडा. ती बाटलीत घेऊन आली. बाटली कोकम सरबताची. मी कपाळाला हात लावला, पण घेतली. ट्यूबमध्ये पाच मिली बेनेडिक्ट, त्यात आठ थेंब लघवी, खाली स्पिरिटचा दिवा. साखर नसेल तर निळं निळंच राहतं. असेल तर हिरवं, पिवळं, नारिंगी होत जातं, आणि फारच असेल तर विटकरी.

झालं विटकरी. मातीचा गाळ बसावा तसं.

मी फाइल काढली. धर्माकाकांच्या रक्तातली साखर कालची शहाण्णव. अगदी नॉर्मल. मी ट्यूब आणि ती बाटली घेऊन जागृती सिस्टरांकडे गेले.

त्यांनी बाटली उलटी करून वास घेतला. "अगं शहाणे, सरबताच्या बाटलीत साखर नाही तर काय मीठ सापडणार? कितव्या वर्षाला आहेस तू?"

दोन पोरी फिदीफिदी हसल्या. मी कान पाडून परत आले. काचेची बरणी उकळत्या पाण्याने धुतली, कोरडी केली, मावशीच्या हातात दिली. "यातच आणा. दुसऱ्या कशाला हात लावू नका." तिने आणली. पुन्हा दिवा, पुन्हा आठ थेंब, पुन्हा विटकरी.

या वेळी सिस्टर ओरडल्याच. "नूतन, तू अकरा नंबरच्या आजोबांची लघवी घेतलीस! त्यांना डायबिटीस आहे, त्यांचा नमुना तिथेच ठेवलाय. दोन नमुने नीट सांभाळता येत नाहीत, आणि उद्या परीक्षा पास होऊन रोग्यांची रक्तं बदलशील."

"सिस्टर, मी नाही बदलली. आईशप्पथ!"

"शपथा नको घेऊस. जा, पुन्हा कर."

मी पॉट धुवायच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि रडले. दुःखाने नाही, रागाने. सकाळपासून ढोरासारखी राबते आहे, पोटात एक घास नाही, आणि वर मीच चुकार. मनात म्हटलं, खड्ड्यात गेली नर्सिंग, श्रीवर्धनला जाऊन सुपाऱ्या सोलीन. नाक पुसलं. आणि समोर स्टँडला माझीच ट्यूब दिसली, माझ्याच अक्षरातली चिठ्ठी लावलेली. खाट नऊ, सकाळी आठ.

ती चहाच्या रंगाची लघवी मी स्वतः घेतलेली. मग म्हटलं, हिचीच करू. दिवा पेटवला, आठ थेंब टाकले.

निळं. उकळून उकळून निळंच.

मी दोन्ही ट्यूब शेजारी शेजारी धरल्या. सकाळची निळी, दुपारची विटकरी. मधल्या वेळात माणसाने पोतंभर साखर खाल्ली तरी असं होणार नाही, आणि काकांच्या पोटात तर पाणीही ठरत नव्हतं. बरणी उकळलेली. अकरा नंबरचा नमुना सीलबंद, त्याला कुणी हात लावलेला नाही. म्हणजे दुपारची लघवी काकांची नव्हतीच. मग कुणाची?

आणि मला ती पाण्याची बाटली आठवली. भरून आणायची, प्यायची, परत भरायला जायची. चार महिने न भरलेली टाचेची भेग आठवली. 

मी पळत सुटले. ठमीमावशी बायकांच्या संडासाच्या दारातून बाहेर येत होती, पदराखाली पॉट धरून. मला बघून जागच्या जागी थिजली.

"मावशी, हे कुणाचं आहे?"

तिने पॉट आणखी घट्ट धरला.

"मावशी!"

"तूच बोललीस नं बाय," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की मला वाकून ऐकावं लागलं. "जग भरला न्हाय त पाठवतील बोललीस. कापतील बोललीस. आमचा रावजी, याचा धाकटा भाव. त्याला पन मूतखडाच. गारीन घालून मुंबईला नेला, चौथ्या दिवशी गुंडालून आनला. मी याला न्हाय पाठवनार."

"काकांना किती झाली? खरं सांगा. सकाळपासून किती झाली?"

"तुजं ते दहाचं झालं ना? त्याच्यानंतर थेंब न्हाय."

पावणेतीन वाजले होते. पावणेपाच तास! मी काकांच्या खाटेपाशी गेले, त्यांचा गाल थोपटला. "काका, लघवी लागली होती का हो तुम्हाला?"

त्यांनी डोळे अर्धे उघडले. "न्हाय बाय. लागलीच न्हाय."

"मग सांगायचं नाही का मला!"

"तू इचारलंस कुठं," ते म्हणाले. आणि खरंच होतं ते. दिवसभरात मी मावशीला विचारलं, जगाला विचारलं, चार्टला विचारलं. ज्याची किडनी त्याला एकदाही विचारलं नाही.

स्वराज सर ओपीडीत होते. बाहेर ही लांबलचक रांग. मी आत घुसले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. सर, नऊ नंबरचा चार्ट खोटा आहे. दहानंतर लघवी झालेली नाही. दहालाही कमी होती, मी सांगितलं नाही. साडेअकरापासून मी लिहिलेली त्यांच्या बायकोची आहे. मी तिला घाबरवलं म्हणून तिने हे केलं. मी स्वतः उभं राहून पाहिलं नाही.

सर ताडकन उठले. खुर्ची मागे ढकलून धावले. सोनोग्राफीत मूत्राशय रिकामं होतं आणि ती एकुलती एक किडनी टम्म फुगलेली. जागृती सिस्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं की शिव्या परवडल्या असत्या. मग त्यांनीच फोन उचलून गाडी मागवली.

गाडी आली. पण मावशी सही करेना. काकांच्या खाटेचा दांडा धरून बसली. "न्हाय पाठवनार. मेला त हितं मरू दे."

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. अडाणी बाई, तुझ्यापायी माणूस मरतोय! आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी मोजायला लागले. एक, दोन, तीन. चार. पाच. दहापर्यंत गेले. मग तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"मावशी, रावजीकाकांना पहिली कळ कधी आली होती?"

"शिमग्याच्या आदी."

"आणि मुंबईला कधी नेलं?"

तिने बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "शिमगा जाल्यावर. आठ-धा दिस अंगारा लावला. कुलीथ पाजला. मंग ताप भरला, मंग नेला."

"म्हणजे गाडीने नाही मारलं त्यांना. ती आठ-दहा दिवस उशिरा आली."

मावशीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "व्हय," ती म्हणाली. "मीच बोलली व्हती तवा, न्हेऊ नका."

"आणि सकाळी मी बोलले ते साफ चुकीचं होतं. कापाकापी नाही करणार. लघवीच्या वाटेनेच आतून एक बारीक नळी घालतील, खड्याच्या बाजूने वाट काढायला. पण आज. आत्ता. ही एकच आहे हो त्यांच्याकडे."

तिने दांडा सोडला. मी सही कुठे करायची ते दाखवलं. तिने सावकाश, एकेक अक्षर काढत आपलं पूर्ण नाव लिहिलं. काकांना गाडीत चढवत होते तेवढ्या वेळात मी तिच्या बोटाला टोचून साखर पाहिली. तीनशे चाळीस. मी ते रेफरच्या कागदावर मागच्या बाजूला लिहिलं आणि तिला म्हटलं, "तिथल्या सिस्टरला हे दाखवा. तुमचीही तपासणी करतील. ती भेग मिठाची नाही, साखरेची आहे." तिला ते कितपत कळलं देव जाणे. गाडी गेली.

संध्याकाळी सिस्टरांनी चार्टची वॉर्डातली प्रत माझ्यासमोर ठेवली. "दुरुस्त कर. खोडायचं नाही, लाल पेनने एक रेघ, शेजारी खरा आकडा आणि सही."

अडीचशेवर रेघ, शेजारी शून्य. तीनशेवर रेघ, शून्य. अडीचच्या रकान्यात तिसरा आकडा होता, दोनशे ऐंशी. विटकरी ट्यूबच्या गडबडीत तोही मी न बघताच लिहून टाकला होता. त्यावर रेघ, शून्य. तीन सह्या केल्या.

"कारण लिही," सिस्टर म्हणाल्या.

मी लिहायला लागले, 'नातेवाइकाने स्वतःची' आणि थांबले. हा कागद सुपरिंटेंडेंटकडे जाणार. तिथे कुणी ठमीमावशीचा चेहरा पाहिलेला नसणार. तिने केलं हे खरं, पण तिला जग भरून दाखव म्हणणारी कोण होती? मी त्या दोन शब्दांवरही लाल रेघ मारली आणि लिहिलं, 'नोंद करणाऱ्या विद्यार्थिनीने स्वतः पाहिले नाही. रोग्याला विचारले नाही.' खाली नाव, पूर्ण.

सिस्टरांनी वाचलं. "पोस्टिंगचे मार्क जातील तुझे."

"जाऊ देत."

त्यांनी कागद फाइलला लावला. मग म्हणाल्या, "त्या दोन ट्यूब फेकू नकोस. उद्या सगळ्या पोरींना दाखवायच्या आहेत मला. आणि आता जेवून घे."

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डातला फोन वाजला. माझं नाव विचारत होते म्हणून मला बोलावलं. पलीकडून ओरडल्यासारखा आवाज आला. ठमीमावशीला वाटत होतं, पनवेल लांब आहे तर मोठ्याने बोलायला हवं.

"बाय! नली घातली काल राती! सकालपासून अडीच हजार जाली!"

आनंद व्हायच्या आधी माझ्या तोंडातून प्रश्न निसटला. "कुणाची?"

 मला जीभ चावावीशी वाटली. जित्याची खोड, दुसरं काय.

"त्याचीच गो," मावशी म्हणाली. आता ती ओरडत नव्हती. "हितली सिस्टर सोता उभी ऱ्हाते बघत. मी पॉटला हात पन न्हाय लावला."